धुतलेली खडी

आमची माशांची आणि भाजीची शेती मी लोकांच्या भल्यासाठी काढली, असं गल्लीत सगळे सांगतात. साफ खोटं आहे. मी ती माझ्या दिराचं दुकान बंद पाडण्यासाठी काढली. त्यात लोकांचं भलं झालं असेल तर ते आपसूक झालं, त्याचं श्रेय मला देऊ नये.

गल्लीच्या तोंडाशी आमचं भाजीचं दुकान होतं. आमचं म्हणजे दोघा भावांचं, माझ्या नवऱ्याचं आणि धाकट्या दिराचं. पण बाजारातून माल निवडून आणणारी मी, आणि एकोणीस वर्षं काउंटरमागे उभी राहणारीही मीच. नवरा गेला आणि दोन महिन्यांत दिराने शटरचं कुलूप बदललं. भांडण नाही, तंटा नाही. मी सकाळी किल्ली लावली तर ती फिरेना. कुलूप गंजलं असेल म्हणून तेलाची बाटली आणायला मी घरी गेले, इतकी मी बावळट. परत आले तर शटर वर, दीर आत, आणि माझी जाऊ माझ्या जागी उभी राहून पालकाच्या जुड्यांवर पाणी मारत होती.

“भावोजी, हे काय?” मी विचारलं.

“वहिनी, तुम्ही आता आराम करा,” तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हातातले मुळे धूत राहिला.

एवढ्यावर थांबला असता तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण माझी चौकशी करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो मान हलवून सांगायला लागला, “वहिनींना आता झेपत नाही हो.” दुकान घेतलं तर माणसाला चोर तरी म्हणता येतं. कीव केली तर काय म्हणणार? लोक मला रस्त्यात थांबवून तब्येतीला जपा म्हणू लागले. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते आणि बटाट्याचं पोतं एकटी उचलत होते. तळपायाची आग मस्तकात जायची, आणि वरून हसून ‘हो, जपते’ म्हणावं लागायचं.

पुढची सहा वर्षं मी शहराबाहेरच्या मत्स्यबीज केंद्रात टाक्या धुतल्या. तिथे माशांची पिल्लं वाढवतात. पाण्यात औषधाचे थेंब टाकून, नळीचा रंग बघून, पाणी चांगलं की विषारी ते ओळखायला मी तिथे शिकले. तिथल्या साहेबांनी एका कोपऱ्यात हौसेने माशांच्या पाण्यावर पालेभाजी लावली होती. माती नाही, खत नाही, आणि पाला असा की बघत राहावं. पहिल्यांदा तो वाफा बघितला तेव्हा माझ्या मनात शेतीचा विचार आलाच नाही. आला तो दिराच्या दुकानाचा.

कारण एकोणीस वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस रोज दुकानात येतो तो पालेभाजीसाठी. कांदे-बटाटे आठ दिवसांचे भरता येतात, पाला रोज लागतो. पाल्याला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता टोमॅटो घेतं, लिंबं घेतं, काकडी घेतं. पाला काढून घेतला की दुकानाचा दरवाजाच बंद झाला. म्हणून मी ठरवलं, आपण फक्त पाला पिकवायचा. पालक, पुदिना, कोथिंबीर, सॅलडची पानं. एक टोमॅटो लावायचा नाही.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आमच्या प्लंबरच्या मामाची बंद पडलेली लाकडाची वखार होती. उंच छप्पर, अर्धं पत्र्याचं, अर्धं पारदर्शक. मी प्लंबरला गाठलं, त्याने मामाला गाठलं. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंना मी सांगितलं, की सगळ्यांनी मिळून करायचं, आठवड्याला दोन तास राबायचं आणि बुधवारी आपापला वाटा घरी न्यायचा. त्यांचे डोळे भरून आले. “ताई, किती मोठं मन तुमचं!” म्हणाल्या. माझं मन किती मोठं आहे ते मला ठाऊक होतं. मी खाली बघितलं, त्यांना तो विनय वाटला.

पहिला नियम मीच घातला: गल्लीत राहणाऱ्या कोणालाही नाही म्हणायचं नाही आणि आत आलेल्याला काढायचं नाही. मास्तरीणबाईंनी तो सुरेख अक्षरात लिहून दारावर लावला. मला दिराची एकूण एक गिऱ्हाइकं हवी होती, म्हणून तो नियम.

आता हे सगळं चालतं कसं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका मोठ्या टाकीत मासे. मासे खातात आणि घाण करतात, आणि त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते पाणी पंप एका पिंपात चढवतो. पिंपात खडी भरलेली असते. त्या खडीवर डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात, ते विषाचं खत करतात. मग पाणी लांबलचक वाफ्यांत जातं. तिथे थर्माकोलच्या पाट्या तरंगतात, पाट्यांच्या भोकांत रोपं, मुळं खाली पाण्यात. रोपं खत पिऊन घेतात आणि निवळ पाणी परत माशांकडे. सगळा खेळ त्या खडीचा. ती बुळबुळीत, तपकिरी आणि घाणच दिसली पाहिजे. जंतू बसायलाच आम्हाला दीड महिना लागला होता. लोक रोज येऊन रिकामं पाणी बघून जायचे आणि मला वेड लागलंय का ते प्लंबरला विचारायचे.

म्हणून दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. खडी धुवायची नाही, आणि नळाचं पाणी थेट आत सोडायचं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारतं. पाणी दोन दिवस उघड्या टाकीत ठेवून मगच वापरायचं. नवा माणूस आला की त्याला पहिले आठ दिवस मी स्वतः शिकवायची. मास्तरीणबाई म्हणायच्या, सगळं भिंतीवर लिहून ठेवू. मी म्हणायचे, पाट्या वाचून मासे जगत नाहीत. खरं कारण वेगळं होतं. माझ्यावाचून इथलं पान हलू नये असं मला वाटायचं. पुन्हा कोणी माझं कुलूप बदलायला नको होतं.

चौदा महिने लागले. आधी दिराच्या दुकानातला पाला सुकायला लागला, मग गर्दी सुकली. जाऊ काउंटरमागे स्टूल टाकून बसायला लागली. आमच्या वखारीत बुधवारी सकाळी पिशव्या घेऊन रांग लागायची आणि ती रांग पार त्याच्या शटरपर्यंत जायची. एक दिवस शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. मला आनंद झाला. लपवत नाही, त्या दिवशी मी दोन वेळा त्या बाजूने मुद्दाम चालत गेले.

पण पोट भरलं नाही. दुकान बंद पडलं ते ‘काळ बदलला’ म्हणून, असं लोक म्हणत होते. त्याची कोणी कीव केली नाही. त्याला झेपलं नाही असं कोणीच म्हणालं नाही. मला तेच ऐकायचं होतं, चारचौघांत, त्याच्यासमोर.

दोन आठवड्यांनी तो वखारीच्या दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढलेल्या. केस बरेच पांढरे झाले होते.

“वहिनी, मला पण एखादी पाळी मिळेल का? घरात बसून जीव जातो.”

मला वाटलं आता हा माफी मागणार. मी वाट बघितली, चांगले दहा श्वास. नाही मागितली. दारावरचा नियम मास्तरीणबाईंनीच त्याला दाखवला आणि आत घेतलं.

आठ दिवस मी त्याला शिकवलं. मुठीने नाही, मापाने खाद्य घालायचं. पंपाची जाळी अशी काढायची. मुळं हाताळताना ओली ठेवायची. हवेचा पंप बंद पडला तर धावत कोणाला बोलवायचं. सगळं शिकवलं, दोन गोष्टी सोडून. विसरले असं म्हणणार नाही. जिभेवर आल्या होत्या, मी गिळल्या. तीस वर्षं मी त्या माणसाला बघत आलेय. भाजीची टोपलीसुद्धा तो घासून पांढरी केल्याशिवाय ठेवत नाही. दुकानात त्याच्या हातात सतत पाण्याचा पाइप. त्याला बुळबुळीत खडी दिसली की तो काय करणार हे मला उघड दिसत होतं. फक्त वाट बघायची होती.

तिसऱ्या रविवारी सकाळी त्याची पाळी होती. मी प्लास्टिकच्या पडद्याआड बिया लावत होते. खडीच्या पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग नळाचा. मी पडदा बाजूला केला. त्याने पिंपाचा व्हॉल्व्ह बंद करून खडी चाळणीत काढली होती आणि पाइपच्या धारेखाली मन लावून घासत होता. घाणेरडं पाणी मोरीत पळत होतं. दीड महिन्याची मेहनत आणि त्यावरचं दीड वर्ष.

त्याने मला बघितलं. कपाळावरचं पाणी पुसत म्हणाला, “केवढी घाण साचली होती, वहिनी! असं चालेल ना?”

“चालेल,” मी म्हणाले.

एक शब्द. तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. निम्मी खडी अजून पिंपात होती.

सोमवारी पाण्याची नळी उजेडात धरली, ती फिकी हिरवी. पिवळी हवी. मंगळवारी गडद हिरवी. मासे खाद्यावर तुटून पडले नाहीत, खालीच रेंगाळले. खाद्य बंद करून साठवलेलं पाणी बदललं असतं तर एकही मेला नसता. मी नळी मोरीत ओतली आणि नोंदीच्या पाटीवर लिहिलं, ‘पाणी ठीक’. बुधवारी सगळे येतात. मला सगळे हवे होते.

बुधवारी सकाळी कुलूप उघडलं तेव्हा मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा गिळत होते. एक गुलाबी पंखाची मोठी मासोळी होती, मी टाकीत हात घातला की आधी ती यायची. ती आडवी तरंगत होती, कल्ला अजून हलत होता. मला रडू आलं. रडू आलं तरी मी दहा वाजेपर्यंत थांबले. हे मी कोणाला सांगत नाही, पण आता सांगायला घेतलंच आहे तर सांगते. मला त्या दोन तासांत स्वतःची भीती वाटली, आणि तरी मी खुर्चीवरून उठले नाही.

दहाला पिशव्या घेऊन माणसं आत आली आणि आरडाओरडा सुरू झाला. प्लंबर जाळी घेऊन धावला. पोरांना कोणीतरी बाहेर काढलं. मेलेले मासे बादलीत पडत होते आणि मास्तरीणबाई मोजत होत्या. त्रेसष्टवर त्या थांबल्या, कारण त्यांची नजर पिंपात गेली.

“ही खडी अशी पांढरी कशी?”

“मी धुतली,” दीर म्हणाला. “रविवारी. का? काय झालं?”

मग जे व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं, हा मुद्दाम आलाय, दुकान बुडालं म्हणून डूख धरून. कोणी म्हणालं, दुकानदाराची जात, दुसऱ्याचं बघवत नाही. प्लंबर तर अंगावरच जायला निघाला. दीर पाठ भिंतीला लावून उभा होता, हात ओले. मी पुढे झाले. सगळ्यांना हाताने गप्प केलं. सहा आणि दीड, साडेसात वर्षं मी ह्या वाक्याची तालीम केली होती. मान हलवली, अगदी त्याच्यासारखी.

“जाऊ द्या हो. भावोजींना आता झेपत नाही.”

काय सांगू, काय गोड लागलं. त्याने झटकन माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. ते वाक्य कुठलं, कोणाचं, सगळं कळलं.

मास्तरीणबाई मात्र मास्तरीणबाईच. “पण ताई, तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना? खडी धुवायची नाही म्हणून?”

“सांगितलं होतं की,” मी म्हणाले.

आता सगळे त्याच्याकडे वळले. मी तयार होते. तो ओरडणार, वहिनीच चालेल म्हणाल्या. मी म्हणणार, बघा, आता माझ्यावर ढकलतोय. लोक कोणावर विश्वास ठेवणार हे उघड होतं. मी त्याला पूर्ण गाडायला उभी होते.

तो म्हणाला, “हो. सांगितलं होतं वहिनींनी. दोनदा सांगितलं होतं. माझ्याच लक्षात राहिलं नाही.”

दोनदा! एकदा म्हणाला असता तरी पुरलं असतं. ह्या माणसाने माझं दुकान घेतलं, माझी जागा घेतली, माझं धड असणंसुद्धा काढून घेतलं. आता माझा सूड राहिला होता, तोही हा मला सांभाळून घेऊन, मोठा होऊन, खिशात घालून निघाला होता. आणि मी जन्मभर त्याच्या उपकारात? त्याच्या?

“खोटं बोलतोय मेला!” मी किंचाळले. “एकदासुद्धा सांगितलं नव्हतं मी! धुताना त्याने मला विचारलं, आणि मी चालेल म्हणाले! परवापासून पाणी विषारी होतं ते मला माहीत होतं. पाटीवर मीच ठीक लिहिलं!”

लोक म्हणतात की माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. कसली बुद्धी! मला फक्त त्याचा चांगुलपणा नको होता.

प्लंबरने जाळी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पहिल्यांदाच त्याला दिसत होते. “एवढे मासे, ताई?” एवढंच म्हणाला.

“उरलेले वाचतील का, ते आधी सांगा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज बर्फासारखा.

वाचणार होते. मी सांगत गेले आणि बाकीचे करत गेले, माझ्याशी शब्दही न बोलता. साठवलेलं पाणी बादल्यांनी आत, विषारी पाणी बाहेर, खाद्य बंद. मत्स्यबीज केंद्रातून जुनी बुळबुळीत खडी आणायला प्लंबरचा टेम्पो गेला. ती पोती दिराने पाठीवरून उतरवली. दुपारपर्यंत उरलेले मासे वर यायचे थांबले.

मग मास्तरीणबाईंनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. ती त्यांनी प्लंबरकडे दिली. मला वाटलं आता मला जा म्हणतील, आणि मी जाणारही होते, पिशवी उचलली होती.

“कुठे निघालात?” त्या म्हणाल्या. “आत आलेल्याला काढायचं नाही. दारावर आहे. तुम्हीच लावायला सांगितलंत.”

माझी शिक्षा त्यांनीच ठरवली. जे मला येतं ते सगळं मी भिंतीवर लिहून द्यायचं, एकही गोष्ट न गाळता. आणि दिराला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, पाळी दोघांची एकत्र, मंगळवारी आणि रविवारी. मी त्यांच्या पाया पडायला तयार होते, एवढं सोडून काहीही करते म्हणाले. त्या ऐकेनात.

पहिल्या मंगळवारी मी त्याला तोंडावर विचारलं, “दोनदा कशाला म्हणालात?”

“तुमच्याशी भांडून मला इथे राहता आलं नसतं, वहिनी,” तो म्हणाला. “आणि मला राहायचं होतं.”

बस. माफी तेव्हाही मागितली नाही. कुलपाचं नाव नाही, काउंटरचं नाव नाही. आजतागायत नाही. मीही मागितलेली नाही.

पण शिकवते मात्र जीव ओतून. पाण्याचे थेंब, नळीचे रंग, माशाचा कल्ला लाल आहे की फिका, मुळं कुजली की कसा वास येतो, जंतू थंडीत आळसावतात ते कसं ओळखायचं. साहेबांनी मला सहा वर्षांत जे शिकवलं ते मी त्याला सहा महिन्यांत दिलं. लोकांना वाटतं आमच्यात गोडी झाली. मास्तरीणबाई तर लांबून कौतुकाने बघत असतात. त्यांना काय माहीत. मी त्याच्याकडे एकही सबब शिल्लक ठेवत नाहीये. सगळं आलं, सगळं सांगून झालं, भिंतीवर लिहूनही झालं, की मग तो चुकेल तेव्हा ती चूक त्याची एकट्याची असेल, आणि तेव्हा मी सगळ्यांच्या देखत बोलणार आहे.

अडचण एवढीच आहे, की सात महिने झाले, मुडद्याने एकही चूक केलेली नाही.